शेगडी धरत नाही, बांगडा चिकटतो, जपानी शेगडी तडकली: काय करावं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे आजेसासूबाईंची जुनी लोखंडी बादलीची शेगडी आहे आणि मुलाने ऑनलाइन मागवलेली जपानी पद्धतीची मातीची शेगडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत गोठिवलीला माहेरच्या अंगणात दोन्ही पेटवल्या. कोळसा धरायला पाऊण तास लागला, सगळ्यांच्या डोळ्यांत धूर गेला, शेवटी कोणीतरी रॉकेल ओतलं. चिकनला रॉकेलचा वास, बांगड्याची साल जाळीलाच राहिली आणि जपानी शेगडी दुसऱ्याच वेळी तडकली. आता दोनपैकी कोणती ठेवावी, कोळसा कुठला घ्यावा आणि पावसाळ्यात हेच बाल्कनीत केलं तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, बाल्कनीचं उत्तर आधी देते: नाही. का ते पुढे नीट सांगते, पण बाकीचं वाचायचं राहून गेलं तरी हे राहू नये.

मी घणसोलीची. २१ वर्षं हळदी, बारशी आणि छोट्या घरगुती जेवणावळी कोळशावर करते, एका वेळी ३०-४० पानं. शेगडी मला सासूबाईंनी शिकवली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात फुंकणी दिलीच नाही. खाली वाकून शेगडीचं दार बघायला लावलं आणि विचारलं, "आतून पलीकडचं दिसतंय का?" दिसत नव्हतं. आदल्या दिवशीची राख जाळीला टेकली होती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या बादलीचंही तेच झालंय. दार राखेने निम्म्याहून जास्त बुजलंय, त्यावर कागदाचे बोळे कोंबलेत आणि वरून कोळसा तोंडापर्यंत भरलाय. वारा शिरायला जागाच कुठे आहे? कोळसा चांगला असता तरी धरला नसता.

शेगडीत खालच्या दारातून गार हवा शिरते, जाळीतून वर येते, निखाऱ्यांमधून तापून वरून निघून जाते. वरून तापलेली हवा निघाली की खालून नवी ओढली जाते. म्हणजे शेगडी एकदा धरली की स्वतःच श्वास घेते, पंखा फक्त सुरुवातीला. तासभर पुठ्ठ्याने वारा घालावा लागत असेल तर कुठेतरी कोंडलंय एवढं समजायचं. दर वेळी पेटवण्याआधी राख काढा, जाळीच्या फटी काडीने मोकळ्या करा आणि कोळसे लिंबाएवढे फोडून घ्या. चुरा आणि भुकटी शेगडीत घालूच नका, ती फटींत बसते. मोठ्या ढेकळांनी मधे भगदाडं राहतात आणि भुकटीने दम कोंडतो.

आता दोन शेगड्यांबद्दल. बादलीच्या शेगडीत आतून मातीचा लेप असतो हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे त्या मातीत भाताचा तूस आणि चाळलेली राख घालतात. पहिल्या दोन-चार जाळांत तूस जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आत लालभडक निखारे असले तरी बाहेरचा पत्रा त्या मानाने कमी तापतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने बँकॉकहून तिथली बादली शेगडी आणली होती. ती उघडून पाहिली तर पत्र्याची बादली, आत भाजलेल्या मातीचं भांडं आणि दोन्हींच्या मधल्या फटीत तुसाची राख ठासलेली. वर काठावर तीन उंचवटे, टोप त्यावर बसतो आणि त्याखालून धग बाहेर पडते. भात खाणाऱ्या दोन मुलखांनी आपापल्या तुसाचा एकच उपयोग शोधला, हे पाहून मला फार बरं वाटलं. १९८०च्या दशकात केनियात कोळसा वाचवणारी मातीच्या अस्तराची शेगडी तयार झाली, तिचा नमुनाही ही थाई बादलीच होती.

जपानी शेगडीला तिकडे शिचिरिन म्हणतात. पुष्कळ लोक तिला हिबाची म्हणतात, पण जपानात हिबाची हे मुळात राखेत निखारे ठेवून हात शेकायचं, खोली उबदार ठेवायचं भांडं. शिचिरिनची माती वेगळी असते. समुद्रातल्या किंवा तळ्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचे सांगाडे लाखो वर्षं तळाशी साचून ती तयार होते. ती मुळातच सच्छिद्र, त्यामुळे तूस मिसळावा लागत नाही. नोटो द्वीपकल्पातल्या सुझू भागात जमिनीखालून या मातीचे ठोकळे कापून काढतात आणि ते कोरून शेगडी घडवतात. स्वस्तातल्या शेगड्या त्याच मातीची भुकटी साच्यात दाबून करतात. तुमची बहुतेक दुसऱ्या प्रकारातली आहे. दोन्ही हलक्या, दोन्ही धग फार छान धरतात आणि दोन्ही पाण्याला नाजूक.

पाणी म्हणजे धुणं तर आलंच, पण दमट हवाही आली. आपल्याकडे खाडीवरून येणारा दमटपणा ती माती टिपकागदासारखी ओढून घेते. मग एकदम भरभरून निखारे टाकले की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि माती तडकते. पहिल्या वेळी तुम्ही जेवण झाल्यावर पाणी मारून विझवली असं लिहिलंय. तडा तिथेच ठरला होता, दिसला दुसऱ्या वेळी. पुढच्या खेपेला दोन दिवस उन्हात ठेवा, मग मूठभर निखाऱ्यांवर अर्धा तास नुसती तापू द्या, त्यानंतरच भरा. आणि पाणी कधीच नाही.

कुठली ठेवावी? जागा असेल तर दोन्ही. रस्सा, भात, तव्यावरची भाकरी बादलीवर. तिचा काठ लोखंडी आहे, ५ लिटरचा टोप सहज पेलते. शिचिरिनवर जड टोप ठेवू नका, काठ खचतो. शिवाय सपाट बुडाचा टोप तोंड झाकून टाकतो आणि वरून वाट बंद झाली की खालून हवा यायची थांबते. ती जाळीवर भाजायला आहे: मासे, कलेजी, कणसं, पापड, सुके बोंबील. एकच ठेवायची म्हणाल तर मी डोळे मिटून आजेसासूबाईंची ठेवीन, कारण तिचा लेप बिघडला तर घरी परत देता येतो.

कोळसा लोणारी घ्या, म्हणजे लाकडाचा. इस्त्रीवाल्यांकडे चौकशी करा, किंवा ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारात विचारत फिरलात तर पत्ता मिळेल. पोत्यात वरवर बघू नका, हात आत घालून मधला तुकडा काढा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत. मोडल्यावर आतून काळा आणि चकचकीत दिसला पाहिजे. आतून तपकिरी दिसला तर तो अर्धवट जळलेलं लाकूड आहे. तुमच्या डोळ्यांत गेलेला धूर त्याचाच, आणि थोडा दमट कोळशाचा. पुरता जळालेला कोरडा कोळसा धूर जवळजवळ देतच नाही. बाभळीचा कोळसा जड असतो, सावकाश धरतो आणि पुष्कळ वेळ टिकतो. नारळाच्या करवंटीचा दाबून केलेला कोळसा एकसारखी धग देतो, भाजायला फार चांगला. जपानात हॉटेलवाले बिन्चोतान वापरतात. तो ओकच्या लाकडाचा, शेवटी भट्टी हजार अंशांच्या आसपास तापवून लालबुंद असतानाच बाहेर ओढतात आणि राख-वाळूत दाबून विझवतात. धातूसारखा वाजतो. पण तो धरायला अवघड आणि महाग, घरगुती जेवणाला मला त्याची गरज कधी वाटली नाही.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा कोळसा पाडणारे हात बहुतेक वेळा कातकरी कुटुंबांचे असतात. रायगड-ठाण्याच्या पाड्यांवरून ही माणसं पावसाळा संपला की पोराबाळांसकट भट्ट्यांवर जातात आणि उचल घेतलेली असल्यामुळे हंगामभर अडकून पडतात. दोन किलो कोळशासाठी घासाघीस करताना मला ते आठवतं, आणि अर्धा जळलेला निखारा फेकून द्यायला हात धजत नाही.

पावसाळ्यात कोळसा पिंपात झाकून ठेवला तरी ओल धरतो. वापरायच्या आदल्या दिवशी ऊन दाखवा. ऊन नसेल तर पेटत्या शेगडीच्या भोवती पुढची भर मांडून ठेवा, तिथेच वाळते.

पेटवायला रॉकेल नको, थिनर नको, पेट्रोल तर अजिबात नको. रॉकेल कोळशाच्या छिद्रांत मुरतं आणि वरची ज्वाला गेल्यावरही आतून वास येत राहतो. तुमच्या चिकनला आला तो तोच. त्याऐवजी गोड्या तेलाचा ५ लिटरचा पत्र्याचा रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापा, तळाच्या कडेला सात-आठ भोकं पाडा. पहिल्यांदा नुसत्या लाकडांवर जाळून वरचा रंग उडवून टाका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नका, तो तापला की त्याची वाफ बाधते. त्याच कारणाने जाळी म्हणून जस्ताची जाळी किंवा जुन्या फ्रिजचा कप्पा वापरायचा नाही. साधी लोखंडी किंवा स्टीलची घ्या. डबा शेगडीच्या जाळीवर उभा करा, तळाशी नारळाची सोडणं (वरची सालं), करवंटीचे तुकडे आणि कागदाचा एकच सैल बोळा, वर कोळसा. खालून काडी लावा आणि बाजूला व्हा. १५-२० मिनिटांत वरचे कोळसे कडेने पांढरे व्हायला लागतात. सांडशीने डबा उचलला की निखारे शेगडीत पसरतात. सोडण शहाळेवाल्याकडे मागितलं तर फुकट मिळतं, चार दिवस वाळवलं की झालं.

सुरुवातीला निखाऱ्यांवर निळसर ज्योती नाचताना दिसतात. तेव्हा काही ठेवायचं नाही. निखाऱ्यांवर राखेची साय धरली, आतून लाल आणि वरून करडं दिसायला लागलं, की मग. तळहात जाळीच्या वर वीतभर उंच धरायचा. दोन आकड्यांत मागे घ्यावा लागला तर पापड, टोप, तवा. चार मोजता आले तर मासा. सहा मोजता आले तर वांगं-रताळं. चार-पाच माणसांच्या जेवणाला मला साधारण किलोभर कोळसा लागतो. बेत या उतरत्या धगीप्रमाणेच मांडते: आधी रस्सा उकळून घ्यायचा, मग मासे, शेवटी वाटणाचा कांदा-खोबरं थेट निखाऱ्यावर आणि भरताचं वांगं कडेच्या गरम राखेत. वांगं आधी घातलं की बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं. सुरीचं टोक देठाजवळ अडलं नाही की काढायचं.

बांगड्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडतो. बांगडा धुतल्यावर त्याला पंधरा मिनिटं मीठ लावून ठेवा. जे पाणी सुटेल ते फडक्याने टिपून काढा, चिरांच्या आतूनसुद्धा. दोन्ही बाजूंना तीन तिरप्या चिरा, काट्यापर्यंत. मग आगळ, हळद, लाल मसाला आणि आलं-लसूण. वाटण चिरांत भरा, सालीवर पातळच ठेवा, जाड थर जळून कडू होतो. वरून तेलाचा हात. आता जाळी. रिकामी जाळी निखाऱ्यावर पाच मिनिटं तापू द्या, अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर घासा. चर्र आवाज आला की मासा ठेवा आणि मग हात लावू नका. गार जाळीवर ओला मासा ठेवला की साल लोखंडाला धरतेच. तापलेल्या जाळीवर ती आधी चिकटते, पण खरपूस झाली की स्वतःच सोडते. सहा-सात मिनिटांनी उलथन्याने शेपटीकडून हलकेच उचलून बघायचं. अडलं तर अजून एक मिनिट, ओढायचं नाही. दुसरी बाजू चार-पाच मिनिटं. बांगड्याचं तेल निखाऱ्यावर ठिबकलं की भडका उठतो, त्याने काजळी बसते. पाणी शिंपडू नका, राख उडून माशावर बसते. मासा बाजूला सरकवा आणि खालचं दार निम्मं लोटा. मिनिटभरात ज्वाला बसते. शिचिरिनला ते सरकतं दार यासाठीच असतं. तुम्ही ते संध्याकाळभर एकाच जागी ठेवलं होतं असं दिसतंय. धग वाढवायची की उतरवायची, दोन्ही त्या दारानेच करायचं.

आता बाल्कनी. निखाऱ्यांवरच्या त्या निळ्या ज्योती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. जाड थरात वरपर्यंत पुरेशी हवा पोचत नाही, तेव्हा तो तयार होतो. ज्योत दिसते तेव्हा निदान त्यातला काही जळून जातो. ज्योत गेली, धूर नाही, नुसते शांत निखारे आहेत, तेव्हाही तो निघतच असतो आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त जोराने चिकटतो. माणूस गुदमरल्यासारखा तडफडत नाही, नुसतं डोकं जड होतं, मळमळतं, पेंग येते. हल्लीच्या बाल्कन्यांना काचेच्या सरकत्या खिडक्या असतात, पाऊस आला की आपण त्या ओढतो, आणि वारा आत घरातच येतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. १२ वर्षांपूर्वी एका हळदीला अचानक पाऊस आला. मी तीन शेगड्या उचलून मांडवाच्या कोपऱ्यात घेतल्या आणि तिन्ही बाजूंनी ताडपत्री सोडली. माझ्याबरोबरच्या दोन मुली भाकऱ्या थापत होत्या. अर्ध्या तासाने एक म्हणाली, डोकं ठणकतंय. मी म्हटलं, जागरणाने असेल. दुसरी उठायला गेली आणि तिथेच कोसळली. तिला उचलून पावसात आणलं, मोकळ्या हवेवर ती शुद्धीवर आली, मग दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दोघी बऱ्या झाल्या. पण धूर नव्हता म्हणून मला धोका दिसला नाही, ही माझी चूक मी कधी विसरलेले नाही. तेव्हापासून छताखाली करायचं तर किमान दोन बाजू पूर्ण उघड्या, आणि कुणी डोकं दुखतंय म्हणालं की आधी त्याला बाहेर काढायचं, मग कारण विचारायचं. चक्कर, उलटी असेल तर थेट १०८ला फोन करायचा आणि डॉक्टरांना कोळशाजवळ बसलो होतो हे सांगायचं. थंडीत ऊब म्हणून उरलेली शेगडी खोलीत नेऊन झोपणं तर कधीच नको.

गच्चीवर करायचं तर सोसायटीची परवानगी घ्या, आणि शेगडी थेट फरशीवर किंवा वॉटरप्रूफिंगवर ठेवू नका. खाली विटांचा एक थर मांडा, विटांमध्ये बोटभर फट ठेवा. दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि उंच गच्चीवर तो फार भणाणतो. दार थेट वाऱ्याकडे केलं तर निखारे पेटून ठिणग्या शेजारच्या वाळत्या कपड्यांवर जातात. दार वाऱ्याला आडवं ठेवा आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. खरं तर तुमच्या माहेरच्या अंगणासारखी जागा नाही. येऊरच्या जंगलात किंवा खारघरच्या डोंगरावर नेऊ असं मुलं म्हणतील, त्यांना नको म्हणा. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे आग पेटवायला बंदी आहे. आणि थंडी सरली की डोंगरावरचं गवत एका ठिणगीने पेटतं.

विझवायची पद्धत सोपी आहे. झाकण घट्ट बसणारा जाड पत्र्याचा डबा घ्या, चिमट्याने उरलेले निखारे त्यात टाका, झाकण लावा आणि डबा बाहेर विटेवर ठेवा. हवा संपली की विझतात. जपानातही यासाठी झाकणाचं खास मडकं असतं. हे अर्धे जळलेले कोळसे पुढच्या वेळी सगळ्यांत आधी धरतात, म्हणून ते पेटवायच्या डब्यात तळाशी घालायचे. राख मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा आतून गरम असू शकते, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी काडीने उकरून बघा.

राहिला तुमच्या जपानी शेगडीचा तडा. फोटोत तो काठापासून दारापर्यंत आहे पण नखही आत जात नाही. तेवढ्याने शेगडी टाकून देऊ नका. भोवती लोखंडी तारेचे दोन वेढे घाला, पक्कडीने पिळून घट्ट करा. आतून चिकणमाती आणि चाळलेली राख सारख्या प्रमाणात, घट्ट कणकेसारखी मळून तडावर बोटाने दाबून बसवा. सावलीत तीन दिवस वाळू द्या, मग मंद निखाऱ्यांवर तासभर तापवा. बादलीचा लेपही दारापाशी सुटत आलाय, त्याला हीच माती, फक्त तिच्यात मूठभर तूस जास्त.